बदलापुरातला अठ्ठाविसावा अध्याय

आईला घेऊन मी गाव सोडलं, ती सकाळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली आहे. वडिलांना, आपल्या दादांना, जाऊन दीड महिना झाला होता. आपल्या ख्रिस्ती वस्तीतल्या देवळासमोर जीप उभी होती. टपावर आईची पेटी, आत दोन गोधड्या, मी नको नको म्हणत असताना तिनं घेतलेला पाटा-वरवंटा, आणि टॉवेलात गुंडाळलेलं दादांचं बायबल. पाळकांनी प्रार्थना केली. तुम्ही बायका रडलात. आई रडली नाही. जीप नदीच्या पुलावर आली तेव्हा तिनं मागे वळून विचारलं, "समदे आले ना?"

जीपमध्ये ती, मी आणि ड्रायव्हर, एवढेच होतो. मी "हो" म्हणाले.

देवळाच्या कपाटासाठी कोणतं स्टडी बायबल घ्यावं आणि टीका कोणाच्या मागवाव्यात, असं तुम्ही मला फोनवर विचारलंत. (आपण 'टीका' म्हणतो, इथे सगळे 'कॉमेंट्री' म्हणतात.) सुनंदा शहरात आहे, तिला माहीत असेल, असं तुम्हाला वाटलं. मला ते माहीत झालं, पण ज्या कारणानं झालं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहिते. माझ्यासारखे जे बाहेर पडले, पुण्यात, सुरतेला, दुबईत आहेत, त्यांनीही वाचावं. म्हातारी माणसं गावाहून आणताना आपण सामान मोजतो आणि समजतो की सगळं मोजून झालं.

मी निघाले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. दादा एसटीच्या खिडकीशी उभे राहून म्हणाले होते, "आधी देऊळ शोध, मग खोली." मी उलटं केलं. अंबरनाथला एका बाईंकडे भाड्याच्या कॉटवर राहिले, उल्हासनगरात चार नंबर कॅम्पात लॅब टेक्निशियन म्हणून लागले, आणि देऊळ सापडायला दीड वर्ष गेलं. लॅब एका सिंधी मॅडमची. बावीस वर्षं मी लोकांचं रक्त काढते आहे. आता मला सिंधीत "घाबरू नका" म्हणता येतं आणि रविवारी दाल-पकवानाशिवाय सकाळ होत नाही. लग्न केलं नाही. बदलापूर पूर्वेला, कात्रपमध्ये, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. दादा तिथे एकदाच आले. गच्चीवरून डोंगर बघितले आणि म्हणाले, "बरं आहे. वाचायला शांत आहे."

दादांचं वाचन तुम्हाला सांगायला नको. शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी तीन वाजता एक अध्याय, मोठ्यानं, आणि तो संपला की मगच दोघांचं जेवण. आई शाळेत गेलेली नाही. ती चुलीपाशी आणि ते ओसरीवर, मध्ये भिंत. अख्खं शास्त्र तिनं त्या भिंतीतून ऐकलं, आणि एकदाच नव्हे. गेले तेही वाचता वाचताच. पहिल्या शमुवेलाचा अठ्ठाविसावा अध्याय उघडा होता आणि त्यावर त्यांचं कपाळ टेकलेलं होतं.

बदलापूरला आल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी एकदा लवकर घरी आले. लाइट गेली होती, पंखे बंद, सगळी बिल्डिंग उन्हात गप्प. आई स्वयंपाकघरात जमिनीवर, बाहेरच्या खोलीकडे पाठ करून बसली होती. मी काही बोलणार तेवढ्यात तिनं हात वर केला. उपासनेत मुलं बोलली की करायची तसा.

थोड्या वेळानं हात खाली घेऊन म्हणाली, "थांबले."

"कोण?"

"तुझे दादा. रोज वाचत्यात. पर मधीच थांबत्यात."

बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं. दादांचं बायबल टीव्हीच्या शेजारी, टॉवेलातच होतं. मी आईला पाणी दिलं. दु:खात माणसाला आवाज ऐकू येतात, आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं असतं. पण ताट वाढलं तर तिनं ते सरकवलं. "त्ये जेवले न्हाईत अजून," म्हणाली.

तिथून सुरुवात झाली. सकाळी चहा, त्यात बुडवलेला पाव, आणि दिवसभर काही नाही. रात्री मी बळेच दोन घास भरवायची. मीच तिचं रक्त काढलं, मीच तपासलं. महिन्याभरात हिमोग्लोबिन नऊवरून सातवर आलं. रिपोर्टवर माझीच सही होती.

एका शनिवारी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या गायकवाड काकू भेटल्या. बौद्ध कुटुंब, आधी विठ्ठलवाडीला राहायचे, आता बरोबर आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये. आईशी त्यांची जेमतेम तोंडओळख. आईनं बांगड्या उतरवलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांना काही कळायचं कारणही नव्हतं. म्हणाल्या, "अगं सुनंदा, दुपारचं वाचन चालतं ना तुमच्याकडे, मी पण कामं आवरून बसते हं. शब्द नाही कळत, पण आवाज काय भारदस्त आहे गं तुझ्या वडिलांचा! आमच्या विहारात वंदनेला असा एक माणूस पाहिजे होता."

मी कठड्याला धरून उभी राहिले. त्यांनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "ऊन लागलं." आणि दादा नाहीत हे त्यांना सांगितलं नाही.

मला कोणालातरी विचारायचं होतं. आपण गावात एका देवळात वाढलो, एक पाळक, एक गीतपुस्तक. प्रोटेस्टंट म्हणजे आपण, असं मला वाटायचं. इथे शहाडपासून बदलापूरपर्यंत एका पट्ट्यात सिंधी पेंटेकॉस्टल आहेत, तमिळ लुथरन आहेत, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, आणि एकेका गाळ्यात भरणाऱ्या कितीतरी मंडळ्या ज्यांना स्वतःचं नाव सोडून दुसरं नाव नाही. लॅबमध्ये माझ्याबरोबर कविता आहे, सिंधी, दहा वर्षांपूर्वी ख्रिस्ती विश्वासात आलेली पेंटेकॉस्टल. तिला सांगितलं. तिनं दुसऱ्या दिवशी तिचं हिंदी स्टडी बायबल आणलं, जाडजूड, वर वचन आणि रेघेखाली टिपा. अठ्ठाविसावा अध्याय काढला.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. शौल राजाला देव उत्तर देईनासा झाला, म्हणून तो वेष पालटून एन-दोरच्या बाईकडे गेला, भूतविद्या करणारीकडे. मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याला वर आण म्हणाला. आणि म्हातारा झगा घालून वर आला.

"दीदी, ये पढ," कवितानं रेघेखाली बोट ठेवलं. टीप म्हणत होती की मेलेली माणसं येत नाहीत. दुष्ट आत्मे त्यांचा आवाज घेऊन येतात. अशा घरात अधिकारानं प्रार्थना करून त्यांना घालवावं. "मैं और दो बहनें संडे को आती हैं. प्रार्थना का तेल लेके. घर साफ करते हैं."

ती मनापासून म्हणत होती, माझ्यासाठी उपास धरायलाही तयार होती. पण दादांना तेल लावून घराबाहेर काढायचं, ही कल्पनाच भीती घालणारी होती. आणि तेवढीच भीती उलटीही होती: तिचं खरं असेल तर? आई रोज दुपारी कोणाचं ऐकत बसते?

अंबरनाथला जुन्या वस्तीत थोरात साहेब राहतात. निवृत्त पाळक, पूर्वी सेमिनरीत होऊ घातलेल्या पाळकांना शिकवायचे. डोळ्यांना आता कमी दिसतं, पण बाहेरच्या खोलीत तीन भिंती पुस्तकांनी भरलेल्या आहेत आणि कुठलं पुस्तक कुठे हे बोटांना माहीत आहे. मी सगळं सांगितलं, गायकवाड काकूंचंही. त्यांनी मध्ये एकदाही "भास" हा शब्द वापरला नाही.

"आल्या आल्या खरं-खोटं विचारतेस," ते म्हणाले. "पुस्तकं देतो. पण आधी एक शीक. ही रेघ दिसते? रेघेच्या वर शास्त्र, खाली माणूस. छपाई एकच, कागद एकच, म्हणून वाचणाऱ्याला वाटतं दोन्ही देवानं सांगितलं. खालच्या माणसाला आधी विचार, बाबा, तू कुठल्या देवळात बसतोस?"

मग भिंतीला हात लावत एकेक काढत गेले. रिफॉर्म्ड माणूस सगळ्याच्या आधी देवाची सत्ता बघेल. लुथरन विचारेल, इथे नियम बोलतोय की कृपा. मेथडिस्ट माणसाच्या काळजात डोकावेल. अँग्लिकन चार जुन्या लोकांना विचारून मग हळू बोलेल. बॅप्टिस्ट म्हणेल, वचनात लिहिलंय तेवढंच दाखव. पेंटेकॉस्टल आत्म्याला घाबरत नाही, म्हणून आत्म्यांविषयी मोठ्यानं बोलतो. "सगळे आपलेच," ते म्हणाले. "पण एकाच्याच घरी जेवू नकोस."

"मग निवडू कसं?"

"अवघड अध्याय काढ आणि चौघांना तोच प्रश्न विचार. सोप्या अध्यायावर सगळेच गोड बोलतात. आणि ज्या पुस्तकात 'काहींचं मत वेगळं आहे' हे कुठेच छापलेलं नाही, ते परत ठेव." मग म्हणाले, "तुला उत्तर कोणासाठी हवंय, हे मात्र ठरवून घे. तुझ्यासाठी की आईसाठी? ती दोन वेगळी पुस्तकं असतात."

पाच पुस्तकं पिशवीत घालून मी घरी आणली. कविताला थांबायला सांगून तीन रविवार मी उपासनेहून आल्यावर डिक्शनरी घेऊन टेबलाशी बसले. जुना रिफॉर्म्ड टीकाकार सांगत होता की ती फसवणूक होती, शमुवेलाचं सोंग. त्याच परंपरेतला नवा माणूस त्याला नम्रपणे खोडून म्हणत होता की शास्त्र त्याला शमुवेलच म्हणतं, देवानं त्या एका दिवशी परवानगी दिली. लुथरन जुना होता आणि कडक होता. सैतानाचा मुखवटा, म्हणाला, आणि शौलाला कृपेचा एक शब्दही मिळाला नाही यावर पान भरून लिहिलं होतं. अँग्लिकन दोन्ही बाजू मांडून, कोणाला न दुखावता, दार लोटून निघून गेला होता. सगळे विद्वान, सगळे प्रार्थना करणारे, आणि सगळ्यांचं भांडण एकाच गोष्टीवर: आला तो कोण?

तिसऱ्या रविवारी तीनला पाच मिनिटं असताना मी मान वर केली तेव्हा खोली बदललेली होती. कसं सांगू? पंखा फिरत होता पण पुस्तकांची पानं हलत नव्हती. खाली मुलं खेळत होती, त्यांचा आवाज तुटला. आई स्वयंपाकघरात पाठ करून बसली आणि तिची मान हळूहळू डुलायला लागली. वाचणाऱ्याच्या विरामाला डुलते तशी. मला काही ऐकू आलं नाही. पण मान थांबली ती मध्येच, वाक्य तुटल्यासारखी.

"आई, कुठवर येतात?"

"राजा भुईवर आडवा पडला. तिथवर."

पाचवं पुस्तक मी तोवर उघडलं नव्हतं. सगळ्यात बारीक, मेथडिस्ट, गावोगाव प्रवचन करणाऱ्या साध्या लोकांसाठी लिहिलेलं, कोपरे खाल्लेले. आला तो कोण यावर त्यानं जेमतेम चार ओळी खर्च केल्या होत्या आणि आपल्याला नक्की माहीत नाही असं कबूल केलं होतं. मग तो पुढे गेला होता, जिथे बाकीच्यांनी पान उलटलं. शौल दिवसभर, रात्रभर जेवलेला नव्हता. त्या बाईनं, जिला शास्त्र पापी म्हणतं, त्याला हात जोडून सांगितलं की काहीतरी खा. तो नाही म्हणाला. तिनं घरातलं वासरू कापलं, पीठ मळलं, भाकरी भाजल्या आणि राजाच्या पुढे ठेवल्या. प्रवचन करणाऱ्यानं भाकरीच्या आधी थांबू नये, असं त्या लेखकाचं म्हणणं होतं.

मी पुस्तक हातात धरून स्वयंपाकघरात गेले. "आई, दादा गेले त्या दिवशी ते वाचताना थांबले, तेव्हा तू काय करत होतीस?"

तिनं ओट्यावरची परात पुसून पालथी घातली. मग जे बोलली ते तिनं तुमच्यापैकी कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

"तव्यावर भाकर व्हती. आवाज थांबला, म्या म्हनलं पानी पीत आसंल. येवढी भाकर झाली की जाते. मग म्हनलं, पीठ मळलंयच तर दुसरी बी टाकते. दोन भाकरी भाजल्या मी, सुनंदा. येक न्हाई, दोन. मग बघाया गेले."

मला तिला धरता आलं नाही. तिनं धरू दिलं नसतं.

"तुला पुढचं ठाऊक आहे ना, अध्यायातलं?" मी विचारलं.

"मला ठाऊक असून काय? त्ये वाचीत न्हाईत तवर कसं जेवायचं?"

दुसऱ्या दिवशी मी लॅबला सुट्टी टाकली. कविताला सांगितलं की तेल नकोच, प्रार्थना मात्र कर. ती नाराज झाली, पण तिनं केली. अडीच वाजता मी टॉवेल सोडला, दादांचं बायबल उघडलं आणि बाहेरच्या खोलीत बसले. पानावर कपाळाचा तेलकट डाग होता. तीन वाजले. आतून आई म्हणाली, "बसले." मी पानावर बोट ठेवलं. मधूनमधून विचारत होते, ती आतून सांगत होती. "वेष पालटला." "बाई घाबरली." "म्हातारा आला." बोट खाली सरकत गेलं. मग आई म्हणाली, "थांबले."

मी तिथून वाचायला लागले.

पहिल्या वाक्याला माझा आवाज कापत होता. दुसऱ्या वाक्यापासून कापायचा थांबला, आणि मला कळलं की वाचनाची चाल माझी नाही. मी भरभर वाचते, लॅबच्या सवयीनं. आता प्रत्येक विरामाला थांबत होते, वाक्याच्या शेवटी आवाज खाली उतरत होता. एके ठिकाणी कोणीतरी घसा खाकरला. मी नव्हते खाकरले. मी मान वर केली नाही. वर केली असती तर वाचन पुन्हा तुटलं असतं, एवढंच मनात होतं. बाईनं पीठ मळलं, भाकरी भाजल्या, पुढे ठेवल्या. ते जेवले. मग उठले आणि निघून गेले. अध्याय संपला.

खालून मुलांचा आवाज पुन्हा यायला लागला.

"जेवले?" आईनं विचारलं.

"जेवले."

"मग गेले?"

"जेवून गेले."

आत परातीचा आवाज आला. तिनं पीठ मळलं. आम्ही दोघींनी चार वाजता गरम भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं. ती दीड भाकरी जेवली. त्यानंतर रोज जेवते. रक्त आता दहाच्या वर आहे. दुपारी मी घरी असले तर मी वाचते. नसले तर गायकवाड काकूंची सून येऊन अर्धा तास वाचून जाते, तिला वाचायला आवडतं म्हणून.

तो कोण होता, हे मी थोरात साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "पाच जणांनी तुला पाच उत्तरं दिली, आता सहावं माझं कशाला?" कविताच्या मते ते दादा नव्हते, आणि ती अजून माझ्या दारातून आत येताना ओठातल्या ओठात प्रार्थना म्हणते. मी तिला चूक म्हणत नाही. मलाच ठाऊक नाही.

तर कपाटाचं. एक मोठं, जाडजूड स्टडी बायबल घेऊन सगळ्यांनी त्यावरच विश्वास टाकू नका. तीन पातळ घ्या, तीन वेगवेगळ्या देवळांची, एकमेकांशी न पटणारी. तिन्हींत अठ्ठाविसावा अध्याय काढून बघा. त्यातलं एक तरी भाकरीपर्यंत जात असलं पाहिजे. वाचनाच्या वर्गात आधी रेघेच्या वरचं वाचा, पुस्तक मिटा, बोला, आणि मगच खालचं वाचा.

आता एक मागणं, ज्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहिलं. गावी परत कधी येणार, असं तुम्ही आईला दर फोनला विचारता. आपल्या कब्रस्तानात दादांच्या शेजारची जागा पंचांनी तिच्यासाठी राखून ठेवली आहे, हे मला माहीत आहे, आणि तुमचे उपकार आहेत. मागच्या महिन्यात इथल्या मंडळीचं एक माणूस वारलं. दफन अंबरनाथच्या बाजूला होतं, आई बरोबर आली. सगळे निघाले तरी ती तिथेच रेंगाळली. भिंतीलगत एक मोकळी, जरा उंचावरची जागा होती, पावसाचं पाणी न साचणारी. तिथं तिनं चपला काढल्या आणि उभी राहिली, पायानं माती दाबून बघत.

"मला हितंच ठिवा," म्हणाली.

मी म्हटलं, "आई, दादा तिकडे आहेत. गावाला. त्यांना एकटं ठेवायचं?"

लहानपणी पाठांतर चुकलं की पाहायची तशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तिकडं कोन हाय आता? त्ये तर माझ्याबरूबरच आले की, जीपमधी."

मी पाच पुस्तकं वाचली आहेत, पण त्यावर काय बोलायचं हे मला एकाही पुस्तकात सापडलेलं नाही. म्हणून तुम्हाला लिहिते. दादांच्या शेजारची जागा ज्याला लागेल त्याला द्या.